झाकणाला झाकण राहू द्यावं

समुद्रावर वाहून आलेला कचरा वेचायला लागलं की सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात ती झाकणं. बाटल्या त्या मानाने कमीच. झाकणं मात्र भरतीरेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवाळात अडकलेली, वाळूत अर्धी रुतलेली, निळी, पांढरी, लाल, आणि काही तर उन्हाने इतकी विटलेली की मूळ रंग बघायला आतले आटे तपासावे लागतात. याचं कारण साधं आहे. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात ते समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं. झाकण निघालं, आत पाणी शिरलं की बाटली तळाला जाते. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिलीनचं, पाण्याहून हलकं. ते तरंगत राहतं, वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जातं आणि एखाद्या भरतीला किनाऱ्याला लागतं. त्या झाकणाची बाटली बहुधा कुठेतरी तळाशी पडून आहे हे एकदा कळलं, की मूठभर झाकणांकडेही पूर्वीसारखं बघता येत नाही.

किनाऱ्यावर दिसतो तो सगळा कचरा नव्हेच. तरंगू शकला तेवढाच तो. समुद्राने निवडून, घासून, विटवून परत केलेला.

मी या वस्तूंतून भित्तिचित्रं आणि मांडणशिल्पं करते. असं काम करणारी माणसं आता जगभर आहेत, शाळांमधूनही ते होतं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण काम करता करता माझं एक मत घट्ट होत गेलं आहे आणि ते या लेखात मोकळेपणाने मांडायचं आहे. वाहून आलेल्या वस्तूची ओळख पुसू नये. तिला रंग देऊ नये, वितळवू नये, इतकी बारीक चिरू नये की ती काय होती हे कळेनासं व्हावं. माशाचा खवला म्हणून झाकण लावलं तर लांबून तो खवला दिसावा, पण जवळ गेल्यावर ते झाकणच निघालं पाहिजे. ज्याच्या घरात तसंच झाकण आहे त्याला ते ओळखू आलं पाहिजे. या कलेची सगळी ताकद त्या ओळखू येण्यात आहे.

हे पटवून द्यायला मी नेहमी अलेहांद्रो दुरान यांचं काम दाखवते. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर सियान काआन हे राखीव क्षेत्र आहे, १९८७पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. तिथे वस्ती विरळ, तरी किनाऱ्यावर प्लास्टिकचे ढीग. दुरान २०१०पासून तिथे काम करत आले. त्यांनी वस्तूंवरची लेबलं वाचून तो माल कुठून आला याचा शोध घेतला, तेव्हा सहा खंडांवरच्या ५०हून अधिक देशांची आणि प्रदेशांची नावं निघाली. त्या वस्तू ते रंगांप्रमाणे वेगळ्या करतात, तिथल्याच खडकांवर, वाळूत, झाडांच्या मुळांशी मांडतात आणि छायाचित्र घेतात. हिरव्या बाटल्या खडकावर अशा पसरतात की शेवाळ वाटावं. निळ्या वस्तू पाण्याच्या ओघळासारख्या खाली उतरतात. आधी डोळा निसर्गचित्र म्हणून ते स्वीकारतो. मग एक टूथब्रश दिसतो, एक डबा दिसतो, आणि त्यानंतर मघाचं निसर्गचित्र परत हाती लागत नाही. एकाच चित्राची अशी दोन अंतरं असणं, लांबचं आणि जवळचं, हे मला या कलेचं खरं व्याकरण वाटतं. लांबून बोलावणारी सुंदर गोष्ट, आणि जवळ आल्यावर समोर येणारी आपलीच वस्तू. यातलं एक अंतर काढून टाकलं की काम लंगडं होतं.

याच कसोटीवर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं बँडन गावचं काम उतरतं. ॲन्जेला हॅसलटाइन पोझी या कलाशिक्षिकेने २०१०मध्ये तिथे ‘वॉश्ड अशोर’ हा प्रकल्प सुरू केला. तिथल्या किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या प्लास्टिकमधून मासे, पेंग्विन, सील, कासवं असे प्रचंड आकाराचे प्राणी उभे राहतात. गोळा करणं, धुणं, निवडणं, जोडणं या सगळ्यांत स्वयंसेवकांचे हात असतात. अशा शिल्पापुढे मुलं काय करतात हे पाहण्यासारखं असतं. ती प्राण्याचं नाव एकदाच घेतात आणि मग बराच वेळ वस्तूंची नावं घेत राहतात. हे चाक. हा चष्मा. ही चप्पल. पाटी वाचायच्या आधी त्यांनी शिल्प वाचलेलं असतं.

आता जे मला पटत नाही त्याबद्दल. वेचलेलं प्लास्टिक भुगा करून, वितळवून, साच्यात ओतून त्याच्या गुळगुळीत, सुरेख वस्तू करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. कचऱ्याचा उपयोग होतो, हेही चांगलंच. पण वितळवताना त्या वस्तूने केलेला सगळा प्रवास पुसला जातो. मग ते नुसतं प्लास्टिक उरतं, आणि ते समुद्रातून आलं आहे हे सांगायला शेजारी चिठ्ठी लावावी लागते. चिठ्ठीशिवाय बोलू न शकणारं काम मला अपुरं वाटतं. वेचलेल्या तुकड्यांवर एकसारखा सोनेरी किंवा पांढरा रंग फवारणं तर त्याहून वाईट. ज्या रंगावर ऊन आणि मीठ कित्येक वर्षं काम करत होतं तो रंग एका फवाऱ्यात झाकला जातो.

विटलेला रंग ही या कामातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या एका मालवाहू जहाजावरून उत्तर प्रशांत महासागरात काही कंटेनर पडले. त्यातल्या एकात टबात खेळायची २८,८०० प्लास्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलास्कातल्या सिटका भागात ती किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एब्समायर आणि जेम्स इंग्राहम या समुद्रशास्त्रज्ञांनी ती कुठे, कधी सापडली याच्या नोंदींवरून प्रवाहांचा माग काढला, आणि ती गोष्ट जगभर गाजली. मला मात्र त्यातला दुसराच तपशील खिळवून ठेवतो. बदकं आणि बीव्हर हळूहळू विटून पांढरे पडले. कासवांनी आणि बेडकांनी आपला रंग धरून ठेवला. एकाच डब्यात भरलेली, एकाच दिवशी पाण्यात पडलेली, तेच ऊन खाल्लेली खेळणी, तरी रंगद्रव्य वेगळं म्हणून नशीब वेगळं.

रंगाचं हे नशीब नुसतं दिसण्यापुरतं नसतं. ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या इमारतीच्या छपरावर वेगवेगळ्या रंगांची बाटल्यांची झाकणं ३ वर्षं उन्हात ठेवून एक अभ्यास झाला, तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. लाल, निळी, हिरवी झाकणं ठिसूळ होऊन तुटू लागली. काळी, पांढरी आणि चंदेरी बरीचशी शाबूत राहिली. काळ्या रंगातला कार्बन आणि पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांना आत शिरू देत नाहीत, म्हणून आतलं प्लास्टिक टिकतं. हे वाचल्यावर माझ्या निवडायच्या टेबलावरचे ढीग मला वेगळे दिसू लागले. लाल तुकड्यांचा ढीग लहान असेल, तर लाल प्लास्टिक समुद्रात कमी गेलं असं समजता येत नाही. कदाचित त्यातलं पुष्कळसं डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक होऊन पाण्यात, वाळूत मिसळून गेलं असेल. म्हणून मी चौकट रचताना लालची जागा दुसऱ्या कुठल्या लालने भरून काढत नाही. जेवढे सापडतात तेवढेच लाल.

वस्तूवरच्या खुणा रंगावर संपत नाहीत. काही तुकड्यांच्या कडांना चावे असतात. माशांनी, कधी कासवांनी घेतलेले, कधी एकच, कधी ओळीने. बऱ्याच काळ तरंगलेल्या बोयांवर आणि डब्यांवर लांब देठांचे बार्नॅकल वाढलेले असतात. हे जीव एरवी लाकडाच्या ओंडक्यांवर वस्ती करायचे, आता प्लास्टिकवरही करतात, आणि वस्तू किनाऱ्यावर फेकली गेली की तिच्याबरोबर मरतात. काहींवर ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म जीवांच्या वसाहतींची नाजूक पांढरी जाळी असते. पूर्वी प्रत्येक तुकडा घासून लख्ख करण्याचा माझा आग्रह असे. आता नसतो. माती, तेल, कुजणारं मांस निघेपर्यंत धुते, चावा आणि ही जाळी राहू देते. आधी तुकडा फॅक्टरीत बनला, मग कोणाच्या तरी हातात होता, आणि शेवटी समुद्रात. तिन्ही टप्पे त्याच्या अंगावर वाचता यायला हवेत.

लाकडाच्या बाबतीत ही समज आधीच्या कलावंतांना होती. मार्गारेट मेलिस (१९१४–२००९) ही इंग्लंडमधली चित्रकार साउथवोल्डच्या समुद्रावर वाहून आलेल्या फळ्या गोळा करायची. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिने त्यांतून रचना केल्या. जुन्या होड्यांचे ते तुकडे, कधीकाळी कोणी दिलेला निळा, हिरवा रंग अंगावर टवके उडालेल्या अवस्थेत घेऊन आलेले. तिने तो रंग तसाच वापरला. स्वतः रंगांची उत्तम जाणकार असूनही तिला त्यावर हात फिरवावासा वाटला नाही, यात मला फार मोठा संयम दिसतो.

प्लास्टिककडे वळताना मात्र एक गोष्ट बदलते. लाकूड वाहून येणं हा समुद्राचा जुना स्वभाव आहे. किनाऱ्याला त्या लाकडाची, आणि लाटांनी टाकलेल्या शेवाळाचीही गरज असते. त्याखाली वाळूतले उड्या मारणारे चिमुकले कवचधारी जीव राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, वाळू धरून ठेवली जाते. म्हणून मी शेवाळ हलवत नाही, शिंपले उचलत नाही, ओंडके तिथेच ठेवते. शेवाळात गुंतलेला दोर काढायचा तर तो अलगद सोडवून शेवाळ परत पसरते. स्वच्छतेच्या उत्साहात सगळी भरतीरेषाच खरवडून काढलेले किनारे पाहिले की वाईट वाटतं. कचऱ्याबरोबर किनाऱ्याचं अन्नही उचललं गेलेलं असतं.

हाताने करायच्या कामाबद्दलही सांगते, कारण मत बनतं ते तिथेच. समुद्रातून आलेलं प्लास्टिक गोंदाने नीट चिकटत नाही. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या पृष्ठभागावर गोंद धरतच नाही. आज घट्ट वाटणारा तुकडा काही महिन्यांनी खाली पडलेला मिळतो. म्हणून भोक पाडून तार किंवा तंगूस ओवणं बरं. तंगूसही पुष्कळदा किनाऱ्यावरचाच मिळतो. ड्रिल सावकाश चालवावं लागतं, कारण उन्हाने जुनं झालेलं प्लास्टिक तडकतं. तुकडे आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायचे, मीठ निघू द्यायचं, सावलीत वाळवायचे. भोकं पाडताना खाली ताट ठेवायचं आणि निघालेला भुगा जपून गोळा करायचा, नाहीतर जे समुद्रातून काढलं तेच मोरीवाटे परत समुद्राला जायचं. तोंडाला मास्क हवा, हातात मोजे हवेत. सुया, बॅटऱ्या, बंद पिंपं, गॅस शिल्लक असलेले लायटर आणि जहाजावरचे इशाऱ्याचे फटाके यांना कलेसाठी हात लावायचा नाही. त्यांची विल्हेवाट लावणाऱ्यांना कळवायचं.

मोज्यांचा आग्रह उगीच नाही. प्लास्टिकचा माल ज्यांपासून बनतो ते मसुराएवढे दाणे बहुतेक किनाऱ्यांवर सापडतात. पांढरट रंगाचे, कधी पिवळसर, वाळूत लपून जाणारे. हे दाणे पाण्यातली पीसीबीसारखी घातक रसायनं शोषून घेतात. जपानमधले शास्त्रज्ञ हिदेशिगे ताकादा यांनी २००५मध्ये एक उपक्रम सुरू केला. जगभरची माणसं आपापल्या किनाऱ्यावरचे दाणे वेचून पोस्टाने त्यांच्याकडे पाठवतात, आणि दाण्यांत काय साठलं आहे त्यावरून त्या त्या भागातलं पाण्याचं प्रदूषण मोजलं जातं. दाणे दिसायला मोहक असतात, काचेच्या नळीत भरले तर फारच. मी ते फक्त बंद काचेआड वापरते. मुलांच्या कार्यशाळेत तर अजिबात नाही.

या सामानाबद्दल एक विचित्र सत्य आहे, जे मला बराच काळ अस्वस्थ करत राहिलं. प्लास्टिक शेकडो वर्षं टिकतं असं आपण सगळे म्हणतो. मग त्यापासून केलेलं चित्रही टिकायला हवं. ते टिकत नाही. उन्हाने एकदा त्याच्या आत सुरू केलेली मोडतोड घराच्या भिंतीवरही चालू राहते. वरचा थर पांढरा पडतो, बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागते, कडा झडतात. म्हणजे ज्याचा नाश होत नाही म्हणून आपण घाबरतो ते चित्र म्हणून दोन पिढ्याही धरत नाही, आणि पूड म्हणून मात्र उरतंच. या कलेला चिरंतन शिल्पाची हौस धरता येत नाही. मी आता माझ्या चौकटी काचेच्या पेटीत बंद करते, गळलेले कण आतच राहावेत म्हणून. चित्र झडत जातं आणि पेटीच्या तळाशी रंगीत धूळ साठत जाते. ती धूळ मी चित्राचाच भाग मानते.

या कलेवरचा सगळ्यांत मोठा आक्षेप म्हणजे ती भयंकर गोष्ट सुंदर करून दाखवते. आक्षेप खरा आहे. रंगांच्या ओळी लावल्या की कचरा मोहक दिसतोच, आणि मोहक दिसला की मनातला चटका कमी होतो. या प्रश्नाशी वेगवेगळे कलावंत वेगवेगळ्या जागी उभे राहिले आहेत. एका टोकाला क्रिस जॉर्डन. २००९मध्ये त्यांनी मिडवे बेटावर, कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर, मेलेल्या अल्बट्रॉस पिल्लांची छायाचित्रं घेतली. आईबापांनी अन्न समजून भरवलेलं प्लास्टिक पिल्लांच्या पोटात होतं. पिसं आणि हाडं विरत चाललेली, आणि मधोमध झाकणं, लायटर, तुकडे जसेच्या तसे. त्यांतला एकही तुकडा हलवलेला किंवा मांडलेला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. ती मांडणी पक्ष्याच्या पोटाने केलेली आहे. त्या चित्रांपुढे मला माझं काम करायला काही काळ हात उचलवत नाही.

दुसरीकडे इंग्लंडची मँडी बार्कर. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास तिने लोकांना समुद्रावर सापडलेले चेंडू पाठवायला सांगितलं. ४ महिन्यांत ४१ देशांतून आणि बेटांवरून ८९ माणसांनी चेंडू जमवले, त्यात ७६९ फुटबॉल होते. काळ्या पार्श्वभूमीवर तरंगणारे ते फाटके, फुगे आलेले, शिवण उसवलेले गोल एखाद्या दूरच्या आकाशासारखे दिसतात. सुंदर आहेतच. पण प्रत्येक गोलाच्या मागे कोणीतरी खेळलेला एक खेळ आहे, आणि चेंडू हरवल्यावर विसरून गेलेलं कोणीतरी. तिथे सौंदर्य मला आड येत नाही, कारण चेंडू चेंडूच आहे.

मला स्वतःला जी जागा पटते ती या दोघांच्या मधली आहे. जॉर्डन यांच्यासारखं हात न लावता दाखवणं मला जमणार नाही, आणि तशी चित्रं पाहायला माणूस स्वतःहून किती वेळा थांबेल याचीही शंका वाटते. सौंदर्य माणसाला थांबवतं. थांबलेल्या माणसाला वस्तू ओळखू येते. ओळख पटली की पुढचं काम त्याच्या मनात चालू होतं, तिथे मी ढवळाढवळ करत नाही. म्हणून माझ्या चौकटींखाली मी आकडे किंवा उपदेश लिहीत नाही, फक्त वस्तूंची यादी लिहिते.

हात किती लावावा याचं मला सापडलेलं सर्वांत सुंदर उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं आहे. मासेमारीची हरवलेली, टाकून दिलेली जाळी प्रवाहांबरोबर कार्पेन्टारियाच्या आखातात आणि टॉरेस सामुद्रधुनीत येतात. जाळं बेवारस झालं तरी मासेमारी थांबवत नाही, त्यात कासवं आणि शार्क अडकून मरतात. तिथल्या आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासी कलावंतांनी ही जाळी उसवून त्याच दोरांतून मासे, कासवं, मगरी विणल्या. एरुब बेटावरच्या कलावंतांचं काम तर २०१६मध्ये मोनॅकोच्या समुद्र संग्रहालयापर्यंत पोहोचलं. विणण्याचा त्यांचा वारसा मोठा आहे. दोराला दोर म्हणूनच वागवलेलं, त्याच्या गाठी, त्याचे हिरवे-निळे-नारिंगी पेड तसेच दिसणारे, आणि ज्या जाळ्यात कासव मेलं असतं त्याच जाळ्याचं कासव झालेलं. वस्तूची ओळख राखून तिला नवा जन्म देणं म्हणजे काय, हे मी या कामाकडे पाहून शिकले.

वितळवण्याबद्दल मी वर जे बोलले त्याला एक अपवाद केनियाचा. तिथल्या लामू बेटावर २०१८मध्ये ‘फ्लिपफ्लॉपी’ नावाची शिडाची होडी पाण्यात उतरली. किनाऱ्यांवरून आणि गावांतून गोळा केलेलं प्लास्टिक वितळवून तिच्या फळ्या केल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्या बांधणाऱ्या कारागिरांनी त्या जोडल्या. बाहेरून सगळ्या अंगाला सुमारे ३०,००० रबरी चपलांचे रंगीत तुकडे. २०१९मध्ये ती लामूहून झांझिबारपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर गेली. आत वितळलेलं प्लास्टिक आहे, पण वरची चप्पल चपलेसारखी दिसते, आणि समुद्राने दिलेलं सामान पुन्हा समुद्रावर चाललं आहे. तिथे माझा हट्ट मी सोडते.

कधी कधी कलावंताने काहीच करू नये. हवाईच्या कामिलो किनाऱ्यावर शेकोट्यांत वितळलेलं प्लास्टिक वाळू, लाव्हाचे खडे, प्रवाळ आणि शिंपले यांना धरून गोठतं आणि त्याचा दगड होतो. २०१४मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉर्कोरन, समुद्रावर प्लास्टिकचा माग काढणारे चार्ल्स मूर आणि शिल्पकार केली जॅझव्हॅक या तिघांनी मिळून त्यावर शोधनिबंध लिहिला आणि त्याला ‘प्लास्टिग्लोमरेट’ असं नाव दिलं. जॅझव्हॅक यांनी ते दगड कलादालनात जसेच्या तसे ठेवले. एका शोधनिबंधावर शिल्पकाराचं नाव असणं मला फार योग्य वाटतं. किनाऱ्यावर दोघांनाही तीच गोष्ट करावी लागते: वाकून, उचलून, नीट बघणं.

समुद्र या कलेने स्वच्छ होत नाही, हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१० या एका वर्षात जमिनीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या कालव्यातून २०१८मध्ये उसळी मारून वर आलेला जो प्लास्टिकचा देवमासा उभारला होता, चार मजल्यांएवढा, तो सुमारे ५ टन कचऱ्याचा होता. आपण कितीही मोठं शिल्प करा, प्रमाण हे असंच राहणार. हे काम करणाऱ्याने स्वतःला सफाई कामगार समजू नये. सफाई हवीच, आणि त्याहून जास्त हवं ते मुळाशी कमी बनवणं, कमी वापरणं. आमचं काम ओळख करून देण्याचं.

त्यासाठी सध्या मी एक वेगळी फळी केली आहे. तिच्यावर फक्त मला न ओळखता आलेल्या वस्तू आहेत, प्रत्येकीखाली कोरी चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. हवाईच्या किनाऱ्यांवर लोकांना अशाच बारीक नळ्या सापडायच्या, आणि त्या आशियातल्या कालवांच्या शेतीत शिंपल्यांमध्ये अंतर ठेवायला वापरतात हे माहीतगारांकडून कळलं, ते वाचून ही कल्पना सुचली. फळी जिथे जाते तिथे कोणीतरी एखादी चिठ्ठी भरतं. एका परिचारिकेने सलाइनच्या नळीचा सांधा ओळखला. एका शिंपिणीने शिवणयंत्राच्या बॉबिनचा अर्धा तुकडा. मासेमारी करणाऱ्या एका आजोबांनी फळीपुढे उभं राहून एकामागून एक कितीतरी चिठ्ठ्या भरल्या, कुठला बोया कुठल्या जाळ्याचा, कुठली कडी कुठल्या दोराची, आणि शेवटी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘ही आम्ही वापरायचो, आता बनत नाही.’ ओळखलेली वस्तू मी फळीवरून काढून दुसऱ्या चौकटीत लावते, चिठ्ठीसकट, आणि तिच्या जागी नवी अनोळखी वस्तू येते. सध्या मधोमध एक पिवळी चकती आहे, कडेला सात दाते, मध्ये चौकोनी भोक, एका बाजूला माशाचा चावा. तिची चिठ्ठी अजून कोरी आहे.